आगिर्रे, देवाचा कोप

व्हेर्नर हर्त्सोग यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला पश्चिम जर्मन चित्रपट (१९७२). एल दोरादो या कल्पित सुवर्णभूमीच्या शोधात ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरलेल्या स्पॅनिश तुकडीचा नाश हा त्याचा विषय. लोपे दे आगिर्रेची भूमिका क्लाउस किन्स्की यांची, छायाचित्रण टोमास माउख यांचे.

कथेचा आधार म्हणून चित्रपट गास्पार दे कार्वाहाल या धर्मोपदेशकाची रोजनिशी पुढे करतो. तशी रोजनिशी अस्तित्वात नाही. कार्वाहाल १५४१-४२ मध्ये ओरेयाना या स्पॅनिश मोहीमप्रमुखासोबत ॲमेझॉन उतरला व त्या प्रवासाचा त्याने लिहिलेला वृत्तांत उपलब्ध आहे. आगिर्रेच्या मोहिमेशी त्याचा संबंध नव्हता. चित्रपटात १५६० साली तुकडी पाठवणाऱ्या गोन्सालो पिसारो या स्पॅनिश सरदाराला तर १५४८ मध्येच देहदंड झाला होता. दोन मोहिमांची ही सरमिसळ दिग्दर्शकाने जाणूनबुजून केलेली दिसते. प्रत्यक्षात १५६० च्या मोहिमेचा नायक पेद्रो दे उर्सुआ होता. १ जानेवारी १५६१ रोजी आगिर्रेसह बंडखोरांनी त्याला ठार केले. पडद्यावर मात्र त्याच्यावर खटल्याचा देखावा होऊन त्याला फाशी दिली जाते. खरा आगिर्रे जंगलात संपला नाही. समुद्र गाठून त्याने व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे मार्गारीता बेट बळकावले आणि ऑक्टोबर १५६१ मध्ये व्हेनेझुएलातील बार्कीसिमेतो येथे तो मारला गेला; त्यापूर्वी त्याने स्वतःच्या मुलीची हत्या केली. तो समुद्राला कोणत्या वाटेने मिळाला, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक नेग्रो, कासिकियारे व ओरिनोको या नद्यांचा मार्ग मांडतात. तथापि जुलै १५६१ मध्येच, म्हणजे थोड्या काळात, तो मार्गारीताला पोहोचला, हे पाहता ॲमेझॉनच्या मुखातून बाहेर पडल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते.

चित्रीकरण पेरूत, मुख्यतः एकाच कॅमेऱ्याने, सुमारे पाच आठवड्यांत झाले. सुरुवातीच्या दृश्यात धुक्याने वेढलेल्या अँडीजच्या कड्यावरून माणसांची लांबलचक रांग उतरते. चिलखती शिपायांबरोबर बेड्या घातलेले स्थानिक हमाल, डुकरे आणि पालख्याही आहेत. पोपोल वुह या संगीतसमूहाच्या संथ, मानवी आवाजाचा भास देणाऱ्या सुरावटीमुळे हे दृश्य विशेष गाजले. संवाद इंग्रजीत चित्रित करून नंतर जर्मनमध्ये ध्वनिमुद्रित केले. जर्मन आवृत्तीत किन्स्कींचा आवाज दुसऱ्या नटाचा आहे.

सेट सोडून निघालेल्या किन्स्कींना हर्त्सोग यांनी बंदूक रोखून थांबवले, ही कथा बहुश्रुत आहे. धमकी दिली, पण हातात बंदूक नव्हती, असे हर्त्सोग सांगतात; किन्स्कींच्या आत्मकथनानुसार बंदूक केवळ स्वतः किन्स्कींकडेच होती.