सालसाला पाणी का सुटतं?

परवा एका रीलमध्ये ऐकलं : आंब्याच्या सालसात (बारीक फोडींची तिखट-आंबट कोशिंबीरच ती) साधं मीठ घालू नका, सैंधव घाला, म्हणजे पाणी सुटत नाही. खाली लोकांनी हात जोडून आभार मानले होते. मला राहवेना. एकाच आंब्याच्या फोडी तीन वाट्यांत सारख्या वाटल्या. पहिलीत चिमूटभर साधं मीठ, दुसरीत तेवढंच सैंधव, बारीक कुटून. तिसरी बिनमिठाची. अर्ध्या तासाने वाट्या तिरप्या केल्या, तर पहिल्या दोन्हींच्या तळाशी रस साचलेला, डोळ्यांना फरक कळू नये इतका सारखा. तिसरी जवळजवळ कोरडी.

सैंधव म्हणजेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. जाड खडे विरघळायला वेळ लावतात, एवढाच काय तो उशीर.

सालसा मेक्सिकोचा. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता 'सॉस', पण तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ 'खारवलेली'. म्हणजे मीठ नावातच आहे. मिरची तिथलीच, आंबा मात्र आशियातून गेलेला. १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश गलबतं मनिला ते अकापुल्को ये-जा करत, आणि मेक्सिकोतल्या एका आंब्याला आजही 'मनिला' म्हणतात. मिरची उलट निघाली आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली.

आता पाण्याकडे. शाळेत मनुके पाण्यात टाकून फुगवले होते, ते परासरण आठवा. पेशीचं पटल पाण्याला सहज वाट देतं, साखरेला आणि मिठाला देत नाही. ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी जातं. १७४८ मध्ये नोले या फ्रेंच अभ्यासकाने डुकराच्या मूत्राशयाचा पडदा लावून हे दाखवलं होतं. त्याचं गणित पुढे व्हांट हॉफने बसवलं; १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

गणितातली गंमत अशी की कण कसले आहेत याला महत्त्व नाही, किती आहेत याला आहे. साखरेच्या एका रेणूचं वजन ३४२, मिठाच्या एका एककाचं ५८.५. शिवाय मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, एकाचे दोन कण. ३४२ भागिले ५८.५, गुणिले दोन : साधारण बारा. एक ग्रॅम मीठ ओढीच्या बाबतीत बारा ग्रॅम साखरेच्या तोडीचं!

पिकलेल्या आंब्याच्या रसात लिटरमागे १५० ग्रॅम साखर धरली, तर त्याचा परासरण दाब, म्हणजे पाणी ओढण्याचा जोर, दहा वातावरणांच्या (आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या दहापट) वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन भरतो आपण. पण फोड नुसती पडून असते तेव्हा तिच्या अंगावरचा ओलावा कापलेल्या पेशींचाच रस असतो; आत-बाहेर सारखंच, म्हणून पाणी जागचं हलत नाही. तिसरी वाटी कोरडी राहिली ती यामुळे. मीठ भुरभुरलं की तोच पातळ थर तीव्र खारं पाणी होतो, त्याचा दाब शंभर वातावरणांच्याही पुढे, आणि आतलं पाणी बाहेर धावतं. पेशीतला जीवद्रव्याचा गोळा भिंतीपासून सुटून आक्रसतो. फोड लिबलिबीत होते ती अशी.

काकडीच्या रसात साखर आंब्यापेक्षा खूपच कमी, म्हणजे आतून धरून ठेवणारी ओढही कमी. खमंग काकडीत मीठ अगदी शेवटी घालतात ते उगाच नाही.

फळाला मीठ लावलं की त्याचं विष होतं, असाही एक मेसेज फिरतो. कैरीला तिखट-मीठ लावून विकणाऱ्या शाळेबाहेरच्या गाड्यांनी मग आपल्या पिढ्याच्या पिढ्या गारद केल्या असत्या.

करायचं असेल तर आंबा बोटाने किंचितच दबेल असा घ्या. फार पिकला की पेशींना जोडणारं पेक्टिन विरतं, पटलंही गळकी होतात, मग मिठाचीही वाट बघत नाही तो. सुरी धारदार हवी; बोथट सुरी पेशी कापत नाही, चिरडते. अर्धा कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, सगळं बारीक चिरून. अर्ध्या लिंबाचा रस. मीठ वाढण्याआधी दहा मिनिटं. अगदी आयत्या वेळी नको, कारण थोडा रस सुटायला हवा. मिरचीचा तिखटपणा आणि लिंबाचा आंबटपणा फोडीफोडीपर्यंत तोच पोचवतो. उरलेला सालसा फ्रीजमध्ये ठेवलात तर सकाळी पाणी दिसेलच. ओतून देऊ नका, वरणात घाला.