गर्भपाताला नवऱ्याची सही लागते का?

"नवऱ्याची सही नसेल तर गर्भपात बेकायदा." सोलापूरच्या पूर्व भागात, विड्या वळता वळताही हे ऐकू येतं. काही दवाखानेच सही मागतात, मग समज पक्का होणारच.

पण १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात संमती लागते ती बाईचीच. वय १८ पेक्षा कमी असेल किंवा मानसिक आजार असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. खात्री करायची तर दवाखान्यात संमतीचा 'नमुना सी' मागा आणि नीट वाचा. 'अमुकची पत्नी' असं लिहायला जागा आहे, नवऱ्याच्या सहीला नाही.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. कायद्यातली कारणं मात्र असावी लागतात. दवाखाना सरकारी किंवा गर्भपातासाठी मान्यताप्राप्त हवा. मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं. बाईचं नाव गुप्त ठेवणंही बंधनकारक आहे.