‘कॉपीराइट आला’ : चालीपासून स्ट्राइकपर्यंत

धानावर करपा येतो, तुडतुडा येतो. त्याच सुरात पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या पट्ट्यातली पोरं हल्ली आपल्या यूट्यूब चॅनलबद्दल म्हणतात, “भाऊ, चॅनलवर कॉपीराइट आला ना!” काऊन आला म्हणून विचारलं, तर उत्तर मिळतं, “वरातीतलं गानं गेलं ना त्याच्यात.” बोलण्यात अपराधाचा भाव कुठेच नसतो. रोग आला, आता फवारा मारावा लागेल, एवढंच.

लग्नसराईत हा रोग जोरात असतो. पुण्याला कंपनीत असलेल्या मामाला सुटी मिळत नाही, म्हणून तो मोबाईलवर लग्न लाईव्ह पाहत बसतो. हळद दिसते, मांडव दिसतो, आणि धुमालवाले, म्हणजे वरातीतले ताशेवाले, रंगात आले की नेमका तिथेच आवाज गायब. ताशावर काड्या पडताना दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही. मामा फोन करतो, “लाइन गेली काय रे?”

लाइन गेलेली नसते. आवाज कुणी आणि कोणत्या हक्कानं बंद केला हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं. आणि मागे गेलं की दिसतं, दुसऱ्याची चाल घेणं याला आमच्याकडे कधी कुणी चोरी म्हटलंच नव्हतं.

जत्रेत विकायला येणाऱ्या भजनांच्या, भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका घरात असतील तर काढून पाहा. गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल :’ असं छापलेलं असतं आणि पुढे एखाद्या सिनेमातल्या गाण्याची पहिली ओळ. स्वरलिपी वाचणारा गावात कुणी नव्हता. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं हीच स्वरलिपी. दंडार, खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यांत तेच, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्र जागवणाऱ्या पार्ट्यांचंही तेच. शब्द आपले, चाल बाहेरची. ती कुठून घेतली हे लपवायचं तर नाहीच, उलट सगळ्यात वर छापायचं, म्हणजे गाणाऱ्याची सोय होते.

मग गावाला मालकी कळत नव्हती का? कळत होती, पण ती नावाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी ‘तुकड्यादास’ येतो. ही नाममुद्रा. खंजिरी घेऊन बसलेला म्हातारा मधल्या कडव्यांत दोन शब्द इकडचे तिकडे करील, पण शेवटच्या ओळीतलं नाव खाणार नाही. ते खाल्लं तर शेजारी बसलेलाच त्याला टोकेल. चाल घ्या, पण नाव ठेवा, असा हा न लिहिलेला नियम होता.

लिहिलेला नियम दिल्लीत होता. इंग्रजांच्या अमदानीतला १९१४ चा कायदा जाऊन १९५७ चा कॉपीराइट कायदा आला आणि २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहत असे. १९९२ च्या दुरुस्तीनं ती मुदत ६० वर्षं झाली. निमित्त रवींद्रनाथ टागोरांचं होतं. ते १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी मोकळं होणार होतं आणि विश्वभारतीच्या हातून हक्क जाणार होते. त्या एका नावासाठी मुदत वाढली आणि ती अख्ख्या देशाला लागू झाली.

हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहा. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ चं, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून कुणालाही छापता येतं. दीक्षाभूमीवर पोतं भरून पुस्तकं नेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ही तारीख ऐकली असेल? तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवरचा हक्क कायद्याच्या हिशेबानं २०२८ च्या अखेरपर्यंत चालतो. असं असूनही गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेला कुणाची परवानगी लागत नाही, आणि हा काही कायद्याचा डोळेझाकपणा नव्हे. कलम ५२ मध्ये सवलतींची लांबलचक यादी आहे. हौशी मंडळानं पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रम तिच्यात बसतो. कलम ५७ तर थेट नाममुद्रेच्या जवळ जातं. लेखकानं हक्क विकून टाकले तरी कृतीवरचं आपलं नाव मागण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. खंजिरीवाल्या म्हाताऱ्याला हे कलम कुणी वाचून दाखवलं असतं तर त्यानं मान डोलावली असती.

कागदावर एवढं जमत होतं. यंत्रं आली तसं ते बिनसत गेलं.

पहिलं यंत्र टेपरेकॉर्डर. गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये टी-सिरीज सुरू केली आणि कॅसेट पानठेल्यावर मिळू लागली. जुनी गाजलेली गाणी नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची, हा त्या काळातला मोठा धंदा. त्याला कायद्यात जागा होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करता येत असे. २०१२ मध्ये ही दोन वर्षं पाच झाली. आमच्या पिढीनं कितीतरी गाणी आधी नकली गळ्यातून ऐकली आणि मूळ आवाज नंतर कानावर पडला तेव्हा तोच परका वाटला.

याच काळात एक क्रियापद रुजलं : भरणे. साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट न्यायची, दुकानदाराला यादी द्यायची आणि गाणे ‘भरून’ आणायचे. धान पोत्यात भरतात तसे. व्हिडिओची गोष्ट वेगळी नव्हती. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि चौकात रात्रभरात तीन पिक्चर पाहायचे. यातली कॅसेट अस्सल की नकलेची नक्कल, हे पडद्यावरच्या मुंग्यांवरून ओळखू यायचं, पण ओळखून करायचं काय? सरकारनं १९८४ मध्ये दुरुस्ती करून शिक्षा वाढवली. किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. चौकातल्या सतरंजीपर्यंत हा आकडा पोचला नाही.

खरा सुकाळ मेमरी कार्डाचा. साधारण २००७-०८ पासून चायना मोबाईल आले. मागच्या बाजूला भलेमोठे स्पीकर आणि आवाज असा की बांधावर ठेवला तर चार बांध्यांत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांना ऐकू जाईल. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारा, नंबर नसलेले हे फोन १ डिसेंबर २००९ पासून बंद पाडायचा हुकूम निघाला. कॉल बंद झाले तरी गाणी थोडीच बंद होणार? फोनचा रेडिओ झाला, एवढंच. बसस्टँडसमोरच्या प्रत्येक दुकानावर पाटी लागली, ‘रिचार्ज, डाउनलोडिंग, गाणे भरून मिळतील’. आत एक कॉम्प्युटर, त्यात फोल्डर : जुने, नवे, भीमगीते, गोंडी, देवीचे, डीजे, दर्दभरे. पोरगा कार्ड टाकायचा आणि विचारायचा, “कोन्ते टाकू?” गिऱ्हाईक म्हणायचं, “भर ना सारेच.” पैसे गाण्यावर नव्हते, जीबीवर होते. गाण्याला वजनाचा भाव लागला तो तेव्हा.

या दुकानांनी कायदा मोडला यात वाद नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते नुकसान त्या दुसऱ्या गोष्टीनं जास्त झालं. नावं गेली. फायलीचं नाव ‘ट्रॅक ०७’, नाहीतर कुठल्यातरी संकेतस्थळाचं नाव त्याला चिकटलेलं. गीतकार कोण, संगीत कुणाचं, काही उरलं नाही. जुन्या पुस्तिकेत निदान ‘चाल :’ तरी छापलेली होती. पंचक्रोशीतल्या एखाद्या शाहिरानं खिशातले पैसे घालून कॅसेट काढली, तिचे गाणेही याच फोल्डरांतून चार जिल्ह्यांत फिरले आणि त्याचं नाव मागे गावातच राहिलं.

एका बाजूनं कायदा कडक होत होता. महाराष्ट्रात गुंडांना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा कायदा आहे. त्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट आले, म्हणजे हातभट्टीवाल्याच्या मांडीला मांडी लावून. पुढे २०१५ मध्ये त्याच यादीत वाळूतस्कर बसले. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्याला या दोन धंद्यांची तुलना करायला सांगू नये, तो नुसता हसेल. २०१२ ची दुरुस्ती जास्त शहाणी होती. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा कायमचा लिहून देता येणार नाही, अशी तिच्यात सोय झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि दुकानातला कॉम्प्युटर वर्षभरात धूळ खाऊ लागला. जो तो गाणं फोनवरच ऐकू लागला, आणि काही दिवसांत जो तो चढवूही लागला.

इथे गाठ पडली अमेरिकेतल्या एका भांडणाशी. तिथे १९९८ मध्ये डीएमसीए नावाचा कायदा झाला. तक्रार येताच मजकूर काढला आणि पुन्हा पुन्हा हक्क मोडणाऱ्याचं खातं बंद केलं, तर संकेतस्थळाच्या अंगाशी येत नाही, असा त्याचा मथितार्थ. तरीही मार्च २००७ मध्ये वायाकॉम या तिथल्या करमणूक कंपनीनं यूट्यूबवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. त्याच वर्षी यूट्यूबनं कंटेंट आयडी आणलं. गाण्यांचे मालक आपल्या गाण्यांचे ठसे देऊन ठेवतात, आणि नव्यानं चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून पाहिला जातो. ठसा जुळला की आवाज बंद करायचा, व्हिडिओ अडवायचा की जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे, हे मालक ठरवतो. याला क्लेम म्हणतात. स्ट्राइक वेगळी, ती रीतसर तक्रारीनंतर पडते, आणि ९० दिवसांत तीन पडल्या की चॅनल जाऊ शकतं. आमच्याकडे दोन्हींना एकच नाव : कॉपीराइट आला. करपा आणि कडाकरपा यांतला फरक पोरं बरोबर सांगतात, हा मात्र सांगत नाहीत.

गंमत अशी की लग्नाबद्दल आपला कायदा अगदी स्पष्ट आहे. त्याच कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाची सवलत आहे, आणि वरात व लग्नाचे इतर सोहळे त्यातच धरावेत असं खाली खुलासा देऊन लिहिलं आहे. तरी हॉटेलांकडून, मंगल कार्यालयांकडून गाण्यांचे पैसे मागितले जात होते, म्हणून २४ जुलै २०२३ ला केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागानं जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. आता ही सवलत वाजवायला आहे. वाजवल्याचं शूटिंग इंटरनेटवर चढवणं त्यात येतं की नाही, यावर वकील भांडू शकतात. पण भांडायला समोर कुणीतरी हवा ना! यंत्र ठसा पाहतं, मांडव पाहत नाही. आपल्या कायद्यात तक्रारीनंतर मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा आणि तोवर कोर्टाचा आदेश आला नाही तर पुन्हा सुरू करता येतो, अशीही तरतूद आहे. सिंदेवाहीच्या पोराला ती कुणी सांगितलेली नाही. आव्हान देण्याचा पर्याय असतो, पण ‘तुमच्यावर कायदेशीर कारवाई होऊ शकते’ हे वाक्य वाचलं की तो फोन खिशात ठेवतो.

पोरांचे उपाय त्यांचेच. आवाज थोडा जाड करायचा, गाणं जरा पळवायचं, खाली इंग्रजीत ‘हक्क मोडण्याचा हेतू नाही’ असं चिकटवायचं. शेवटच्याचा उपयोग लिंबू-मिरचीइतकाच. डीजेवाल्यांनी मात्र जुनी रीत नकळत पुन्हा काढली आहे. रिमिक्स ऐन रंगात आलं की मध्येच जाड आवाजात डीजेचं आणि त्याच्या गावाचं नाव गरजतं. गाणं दुसऱ्याचं, ठेका तिसऱ्याचा, पण दुसऱ्या डीजेनं ते नाव कापून आपलं घातलं तर हाणामारीची पाळी येते. नाममुद्राच ही, फक्त स्पीकर मोठे.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या याच पट्ट्यातल्या, नाटकांत तर उलटाच फेरा आला आहे. वडसा हे या नाटकांचं ठाणं. दिवाळीनंतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, नाहीतर मंडईच्या निमित्तानं रात्री दहाला सुरू झालेलं नाटक तांबडं फुटेस्तोवर चालतं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याला या रंगभूमीची नीट ओळख झाली. या नाटकांना तिकीट असतं, म्हणजे हौशी मंडळाची सवलत त्यांना नाही, आणि सिनेमातल्या चाली तर तिथे सर्रास वाजतात. तेच लोक आता पडदा उघडण्याआधी माईकवरून सांगतात, “मोबाईलवर शूटिंग करू नका बावा, आमचं पोट याच्यावर हाय.” प्रेक्षकांत बसून मी हे ऐकलं तेव्हा आधी हसू आलं. मग पाहिलं, माझ्यासमोरचे पाच-सहा फोन खाली गेले. ठसा जुळवून कुणी आवाज बंद केला नव्हता. समोरचा माणूस बोलला, म्हणून गेले.

पुढचं यंत्रही दारात आलंच आहे. कुणाच्याही आवाजात गाणं करून देणारी साधनं निघाली आणि अरिजित सिंग यांना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची नक्कल करायला मनाई केली. आजवर चाल घेत होते, आता गळाच घेता येतो. त्याच्या डोक्यावर ‘गळा :’ असं छापणारी पुस्तिका अजून निघालेली नाही.

तोवर आमच्याकडच्या शूटिंगवाल्यानं आपल्यापुरता तोडगा काढला आहे. वरातीचा मूळ आवाज तो काढूनच टाकतो आणि त्या जागी इंटरनेटवरून फुकट मिळणारी, कुणाच्याच मालकीची नसलेली एक धून लावतो. सगळ्या लग्नांना तीच. मामा पुण्यात बसून पाहतो तेव्हा नवरदेवाचे मित्र धुमालच्या ठेक्यावर जीव तोडून नाचताना दिसतात, आणि मागे कुणीतरी सावकाश बासरी वाजवत असतो.