काचेसारखे पाणी : पेशीच्या आत पाहू शकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची पार्श्वभूमी
बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स क्नोल यांनी १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. मात्र सजीवांचे रेणू त्यांच्या मूळ स्थितीत पाहण्यासाठी त्याचा उपयोग व्हायला पुढे अर्धशतक जावे लागले. अडसर होता तो मुख्यतः पाण्याचा. पेशीचा बहुतांश भाग पाण्याचा असतो आणि प्रथिनांचा आकारही भोवतीच्या पाण्यामुळेच टिकून राहतो. परंतु इलेक्ट्रॉनचा झोत निर्वातातच नीट चालतो आणि निर्वातात पाणी उडून जाते. शिवाय तोच झोत नाजूक रेणूंची मोडतोडही करतो. म्हणून नमुने सुकवून, त्यांना युरेनियमसारख्या जड धातूंच्या क्षारांचा लेप देऊन पाहण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीने विषाणूंचे आकार उत्तम दाखवले, पण चित्रात उमटत असे तो रेणू नव्हे, तर त्याच्याभोवती साचलेल्या क्षाराचा ठसा.

पाणी गोठवले तर ते उडणार नाही, हे उघड होते. बर्कलीत केनेथ टेलर आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९७४ मध्ये कॅटलेज या प्रथिनाचे स्फटिक गोठवून दाखवून दिले की थंड अवस्थेत रेणूंची बारीक रचना निर्वातातही शाबूत राहते. तरीही साध्या बर्फाची अडचण उरलीच, कारण त्याचे स्फटिक वाढताना पेशीची रचना विस्कटतात आणि इलेक्ट्रॉन विखुरून चित्रही बिघडवतात. तिच्यावरचा उपाय हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत झाक दुबोशे आणि अलास्डेअर मॅकडॉवल यांना सापडला आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाण्याचा अत्यंत पातळ थर अतिथंड द्रव इथेनमध्ये झटक्यात बुडवला, तर पाण्याच्या रेणूंना स्फटिकाच्या रांगा लावण्याइतका अवधीच मिळत नाही आणि पाणी काचेसारखे घट्ट होते. द्रव नायट्रोजन इथेनहून थंड असला, तरी नमुना आत जाताच तो उकळू लागतो आणि वाफेचे आवरण उष्णता अडवून धरते. म्हणून नायट्रोजनने इथेन थंड करायचे आणि इथेनने नमुना, अशी ही योजना आहे. या साऱ्या इतिहासातील निर्णायक पाऊल मला हेच वाटते, कारण येथून पुढे रेणू त्याच्या स्वतःच्या पाण्यात पाहता येऊ लागला.

रेणूंची मोडतोड टाळण्यासाठी झोत सौम्य ठेवला की चित्र अतिशय धूसर येते. त्यावर न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे योआखिम फ्रांक यांनी एकाच रेणूच्या हजारो धूसर प्रतिमा संगणकाने वर्गवारी करून एकत्र आणण्याच्या पद्धती विकसित केल्या, तर केंब्रिजमध्ये रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये बॅक्टेरिओरोडॉप्सिन या प्रथिनाची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत नेली. २०१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन थेट टिपणारे कॅमेरे आले आणि चित्रांची स्पष्टता एकाएकी वाढली. दुबोशे, फ्रांक आणि हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हे रेणू बहुधा पेशीबाहेर काढून, शुद्ध करून घेतलेले असत. ते पेशीच्या आतच पाहायचे, तर जाडी आड येते, कारण इलेक्ट्रॉन काहीशे नॅनोमीटरच (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आरपार जाऊ शकतात आणि आपल्या पेशी त्याच्या कित्येक पट जाड असतात. म्युनिकजवळील मार्टिन्सरीड येथे वोल्फगांग बाउमाइस्टर यांच्या गटाने नमुना अंशाअंशाने तिरका करत अनेक कोनांतून चित्रे घेऊन त्यांतून त्रिमितीय प्रतिमा उभी करण्याचे तंत्र दीर्घकाळ जोपासले. २००२ मध्ये या गटाने डिक्टिओस्टेलियम या अमीबासदृश जीवाच्या पेशीच्या पातळ कडेमध्ये ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे जागच्या जागी दाखवले. पुढे गोठलेली पेशी आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) झोताने दोन्ही बाजूंनी कोरून १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा शिल्लक ठेवण्याचे तंत्र हाती आले. त्याच मार्गाने २०१६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी हेला पेशीतील केंद्रकाचा परिसर पाहता आला. अजूनही नमुना साधारण ६० अंशांपलीकडे तिरका करणे कठीण असल्याने प्रत्येक त्रिमितीय प्रतिमेत पाचरीसारखा एक भाग माहितीविना राहतो आणि पुष्कळ प्रतींची सरासरी काढून तो भरावा लागतो.

दुबोशे यांच्या प्रयोगाची ती हायडेलबर्गची संस्था याही टप्प्यावर पुन्हा पुढे आली. तेथील युलिया महामिद यांचा गट आणि त्याचे सहकारी यांनी न्यूमोनियाला कारण ठरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची निवड केली, कारण तो मुळातच इतका लहान आहे की त्याला कोरावे लागत नाही. २०२१ मध्ये त्यांनी त्याच्या पेशीतील रायबोसोमची, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेची, रचना ३.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) इतक्या बारकाईने मांडली, आणि त्या रायबोसोमला चिकटलेला क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा रेणूही तीत दिसत होता.