शाळेचा गणवेश आणि पालकांच्या तक्रारी : सातारा-सांगलीतील वादांची पार्श्वभूमी

दरवर्षी 15 जूनच्या सुमारास शाळा उघडतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक शाळांच्या कार्यालयांत एकाच विषयावर बोलणी चालू राहतात. बुटांचा रंग, पट्ट्यावरचे चिन्ह, मुलींच्या दोन वेण्या, खेळाच्या तासाचा वेगळा टी-शर्ट, ठरावीक दुकानातूनच खरेदी करण्याची सूचना, आणि यांपैकी काही चुकले म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे केल्याची तक्रार, असे निमित्त शाळेगणिक बदलते. पण गणवेशच नको, असे म्हणणारा पालक क्वचितच भेटतो. गणवेश कोणी ठरवायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि नियम पाळता आला नाही तर त्याची झळ मुलाला का बसावी, एवढेच पालक विचारत असतात. हे प्रश्न समजून घ्यायचे तर या भागात शाळेच्या कपड्यांचा नियम कोठून आला, हे पाहावे लागते.

दोन्ही जिल्ह्यांचा हा इतिहास बराचसा एकच आहे. 1949 साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधीच्या साताऱ्यात कपड्यावरून माणसाची जात आणि ऐपत जोखली जात असे. नोव्हेंबर 1900 मध्ये साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. शाळेत इतरांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागल्याची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. त्याच लेखनात 1901 सालच्या एका प्रवासाची हकिगत येते. नोकरीनिमित्त खटाव भागात राहणाऱ्या वडिलांना भेटायला भीमराव व घरातली इतर मुले निघाली, तेव्हा त्यांच्या अंगावर नवे सदरे, डोक्यावर भरजरी टोप्या आणि पायात नवे जोडे होते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर हे कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने विचारपूस केली, आणि जात कळताच ते मागे सरले. चांगल्या कपड्याने मिळालेला मान जात सांगताक्षणी नाहीसा झाला. शाळेत सर्वांचे कपडे सारखे असावेत, या कल्पनेला या मातीत जे वजन आहे ते अशा अनुभवांमुळे आहे, हे गणवेशाच्या विरोधात बोलताना विसरता येत नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती वसतिगृहांनी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास हलवले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत, शेतात राबत आणि स्वयंपाकाची कामे वाटून घेत. 1927 मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली, त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. भाऊराव स्वतः खादी वापरत आणि साधा, स्वच्छ, सर्वांना परवडेल असा कपडा हा तेथील राहणीचा भाग होता. मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह दागिने दिले, ही गोष्ट या भागातल्या घराघरांत सांगितली जाते. ज्या संस्थेने मुलांसाठी घरचे सोने मोडले, तिच्या लेखी मुलाच्या पालकाकडून कपड्यासाठी पैसे काढणे हा विचारच परका होता. सारखेपणा हवा, पण त्याचा भार गरिबावर पडता कामा नये, हे या परंपरेचे सूत्र होते.

त्याच सातारा जिल्ह्यात गणवेशाची दुसरीही एक परंपरा वाढत होती. पाचगणीला इंग्रज वस्ती झाल्यानंतर 1890 च्या दशकापासून युरोपीय मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. टाय, कोट, छातीवर शाळेचे चिन्ह, पायात ठरावीक बूट ही त्या शाळांची पद्धत इंग्लंडातून आलेली होती. तेथील मुलगा बाजारात दिसला तरी तो कोणत्या शाळेचा हे ओळखू यावे, हा त्या वेशाचा हेतू होता. जून 1961 मध्ये साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली आणि कडक इस्त्री, चकाकणारे बूट, आखूड केस यांना या भागात एक वेगळीच प्रतिष्ठा आली. घरटी एक माणूस लष्करात असलेली गावे या जिल्ह्यात आहेत. त्यामुळे वर्दीबद्दलचा आदर पालकांच्या मनातही खोल रुजलेला होता आणि आजही आहे.

सामान्य गावच्या शाळेने यातले थोडेथोडेच घेतले. मुलांना खाकी अर्धी विजार, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी. मुलींना निळा स्कर्ट किंवा परकर व पांढरे पोलके, आणि हायस्कूलच्या वरच्या वर्गांत साडी, असा वेश अनेक वर्षे चालला. हे कापड कोठेही मिळे, हीच त्याची सर्वांत मोठी सोय होती. आठवडे बाजारातून ते आणता येई, पुढे विट्याच्या आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनी ते आणखी स्वस्त केले. गावातला शिंपी मुलाच्या वाढत्या अंगाचा अंदाज घेऊन विजारीला खाली तीन-चार बोटे दुमड ठेवी आणि दरवर्षी ती थोडी उसवून देई. थोरल्याची विजार धाकट्याला, थोरलीचा स्कर्ट धाकटीला आणि तिच्यानंतर मामाच्या मुलीला, असा एक कपडा तीन-चार मुलांच्या अंगावर फिरे. टोपी नाही म्हणून मास्तर रागावत, पण त्यावरून पालक शाळेवर चालून गेले असे फारसे होत नसे. याचे एक कारण असे की नियम मोडला तरी तो चार आण्यांत सुधारता येत होता. दुसरे कारण, शिक्षकाला जाब विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. ते काही चांगले होते असे मला वाटत नाही.

बदल झाला तो मुख्यतः 1990 नंतर. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा सातारा, कराड, सांगली, मिरज येथून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. मुलगा इंग्रजी शाळेत जातो हे पिवळ्या बसवरून आणि टायवरून कळू लागले. शाळांनी पाचगणीचा नमुना उचलला. चौकडीचा खास कापडी वाण, खिशावर भरतकामातले चिन्ह, शाळेचे नाव असलेला पट्टा, आठवड्यातून दोन दिवस वेगळा पांढरा वेश व पांढरे बूट, आणि गटानुसार लाल, हिरवा, निळा, पिवळा टी-शर्ट. जवळच सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग उभा राहिल्यामुळे शाळेला हवा तसा माल तयार मिळू लागला. पालकाच्या दृष्टीने मात्र येथे तीन दारे एकदम बंद झाली. कापड बाजारात सुटे मिळेना, शिंप्याकडे वाढीचे माप देऊन शिवता येईना, आणि थोरला ज्या शाळेत होता ती सोडून धाकट्याला दुसरीकडे घातले की जुना गणवेश वाया जाऊ लागला. त्यातही धाकटा त्याच शाळेत असताना शाळेने चौकडीचा रंग बदलला, की तक्रार अटळ झाली.

शाळेने ठरावीक दुकानाची सक्ती करू नये, अशा सूचना राज्य शासनाने वेळोवेळी काढल्या आहेत. त्यांतून पळवाट निघते ती अशी की सक्ती कागदावर नसते. माहितीपत्रकात दुकानाचे नाव नसते; फक्त ते चिन्ह असलेला खिसा दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. ही अडचण सोडवणे अवघड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेने चिन्हाचा कापडी तुकडा स्वतंत्र विकला आणि सदरा व विजार यांचा फक्त रंग ठरवून दिला, तर बहुतेक भांडणे जूनमध्येच मिटतील.

जिल्हा परिषदेच्या शाळांत वादाचे स्वरूप वेगळे आहे, कारण तेथे गणवेशाचे पैसे सरकार देते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सर्व शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलगे यांना दोन गणवेशांसाठी 400 रुपये मिळत. समग्र शिक्षा योजना आल्यावर ही रक्कम 600 झाली. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला गणवेश मिळे आणि दुसऱ्याला मिळत नसे. सारखेपणासाठी असलेल्या कपड्यानेच हा भेद केला, आणि उरलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी व गावकऱ्यांनी पदरमोड करण्याची वेळ ठिकठिकाणी आली. 2017 मध्ये रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याचे ठरले, तेव्हा 400 रुपयांसाठी खाते उघडायला आई-वडिलांना कामाचा दिवस मोडावा लागला. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांत बुडालेली मजुरी आणि बँकेपर्यंतचे हेलपाटे हिशेबात धरले तर त्या रकमेतले हाती काय उरत असेल, हे सांगायला नको.

2023 मध्ये राज्याने उर्वरित मुलांनाही योजनेत घेतले, तसेच बूट-पायमोज्यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे 170 रुपये दिले. दोन्ही निर्णय योग्य होते आणि फार आधी व्हायला हवे होते. मात्र त्याच सुमारास ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण आले. आकाशी सदरा व गडद निळी विजार असा सर्व राज्याचा एक वेश ठरला, कापड केंद्रीय पद्धतीने खरेदी झाले आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. एका गणवेशामागे शिलाई व इतर खर्च मिळून 110 रुपये एवढाच दर होता आणि तो परवडत नाही असे गटांचे म्हणणे होते. 2024 मध्ये स्वातंत्र्यदिन उलटला तरी राज्यातील अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले त्यांतले कित्येक मापाला बसत नव्हते. मुंबईत ठरलेल्या मापाला गावातल्या मुलाचे अंग कसे बसणार, हा पालकांचा सवाल होता आणि तो रास्त होता. अखेर डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाची निवड व खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली.

या समित्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेशाबद्दल नाराज असलेल्या आईला किमान बैठकीत बोलण्याची जागा आहे. विनाअनुदानित शाळांना मात्र समितीची ही तरतूद लागू नाही. तेथे 2011 च्या शुल्क नियमन कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ व त्याची कार्यकारी समिती असते, परंतु तिचे मुख्य काम शुल्काला मान्यता देण्याचे आहे. म्हणजे जेथे गणवेश सर्वांत महाग आणि नियम सर्वांत कडक, तेथेच पालकांचा आवाज सर्वांत क्षीण, अशी ही रचना आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांच्या बाबतीत तर ती फारच बोचते. प्रवेश मोफत म्हणून घेतलेला असतो आणि पहिल्याच आठवड्यात गणवेश, बूट, टी-शर्ट यांची यादी हातात पडते. मोफत शिक्षणात गणवेशही येतो, असे पालक म्हणतात. शासनाकडून मिळणाऱ्या प्रतिपूर्तीत हा खर्च भागत नाही आणि तीही थकलेली असते, असे संस्थाचालक म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि मधे मूल उभे असते.

खर्चाइतकाच दुसरा वाद शरीराशी जोडलेला आहे. केस वाढले म्हणून शिक्षकाने कात्री चालवणे, रिबिन नाही म्हणून मुलीला मैदानावर उभे करणे, मेंदी लावली म्हणून घरी पाठवणे, अशा तक्रारी अनेक ठिकाणी झाल्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, आणि गणवेशापायी मुलाला सर्वांसमोर खजील करणे हे दुसऱ्या गोष्टीत मोडते, यात मला शंका नाही. वारकरी घरातल्या मुलाच्या गळ्यातली तुळशीची माळ, मुलीच्या बांगड्या किंवा टिकली, मुस्लिम मुलीचा हिजाब यांवर बंदी आली की प्रश्न श्रद्धेचा होतो आणि मग तो शाळेच्या कार्यालयात मिटत नाही. शेजारच्या कर्नाटकात 2022 साली तो थेट उच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने शासनाची, म्हणजे हिजाबबंदीची, बाजू उचलून धरली, तर ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या वेशनियमाविरुद्धची याचिका जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमातील हिजाब व टोपीवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. अंतिम उत्तर त्यामुळे अजून यायचे आहे.

त्याच कर्नाटकाच्या 1995 च्या नियमांत एक साधी तरतूद आहे, ती मात्र मिरज-जतच्या सीमेअलीकडेही चर्चेत यायला हवी. एकदा ठरलेला गणवेश पाच वर्षे बदलता येत नाही, आणि बदलायचा असेल तर पालकांना किमान बारा महिने आधी कळवावे लागते. धाकट्यासाठी थोरल्याचा सदरा जपून ठेवणाऱ्या घराला यातून नेमके संरक्षण मिळते.

मुख्याध्यापकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. सवलत एकाला दिली की दुसऱ्या दिवशी दहाजण मागतात. रंगीत कपड्यांचा दिवस ठेवला की त्या दिवशी नवा कपडा नसलेली मुले गैरहजर राहतात, असे ते अनुभवाने सांगतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली, पलूस, वाळवा भागांतील घरे पाण्याखाली गेली, वह्या-पुस्तके आणि गणवेश वाहून गेले, तेव्हा मिळेल त्या कपड्यात मुले शाळेत बसली आणि शिकवणे चालू राहिले. पुराच्या वेळी जे सहज समजून घेतले गेले, तेच ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर आलेल्या किंवा घरात मजुरी थांबलेल्या मुलाच्या बाबतीत समजून घ्यावे, एवढीच बहुतेक पालकांची मागणी आहे, आणि बहुतेक तक्रार अर्जांत ती याच शब्दांत, मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते.