चमचाभर तेल, वीस गुंठे तळं

लंडनच्या क्लॅपहॅम भागात एक तळं आहे. बेंजामिन फ्रँकलिनने एका वाऱ्याच्या दिवशी त्यात थोडं तेल ओतलं, जेमतेम चहाचा चमचाभर. ते पसरत गेलं, त्याच्या अंदाजाने अर्धा एकर, आणि तेवढ्या भागातल्या लाटा निवून पाणी आरशासारखं झालं. १७७४ साली त्याचा हा वृत्तान्त रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याला कुतूहल होतं लाटांचं. तेलाचा थर किती जाड असेल, हे त्याने विचारलंच नाही. आपण विचारू.

अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. एक गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा, म्हणून २००० चौरस मीटर, म्हणजे २ गुणिले १० चा ३ रा घात. चमचा ५ मिलिलीटरचा धरू. एका घनमीटरात १० लाख मिलिलीटर मावतात, तेव्हा तेल झालं ५ गुणिले १० चा उणे ६ वा घात घनमीटर. आता घनफळाला क्षेत्रफळाने भागायचं. ५ भागिले २ म्हणजे अडीच. घातांकांची नुसती वजाबाकी: उणे ६ मधून ३ गेले, उणे ९. १० चा उणे ९ वा घात मीटर म्हणजे एक नॅनोमीटर, तेव्हा थराची जाडी अडीच नॅनोमीटर! माणसाचा केस साधारण एक लाख नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे असे चाळीस हजार थर एकावर एक रचले तर केसाची जाडी भरेल.

पण चमचा ५ मिलिलीटरचाच कशावरून? आणि अर्धा एकर तर फ्रँकलिनने नजरेनेच ठरवलेला. चमचा निम्मा धरा किंवा तळ्यावरचा डाग निम्मा धरा, उत्तर सव्वा ते पाच नॅनोमीटरच्या आतच राहतं. वाण्याच्या हिशेबात इतका ढिसाळपणा कोणी खपवून घेणार नाही. इथे खपतो, कारण आपल्याला घातांक हवा आहे, आणि तो उणे ९ वरून हलत नाही.

हीच गोष्ट काटेकोरपणे केली इंग्लंडचा भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याने, १८९० मध्ये. ८४ सेंटिमीटर व्यासाचा आंघोळीचा टब, ०.८१ मिलिग्रॅम ऑलिव्ह तेल, आणि कापूर. स्वच्छ पाण्यावर कापराचे कण गरगर नाचत राहतात. तेलाचा पुरेसा थर पसरला की थांबतात. (पितळी परातीत पाणी घेऊन घरीही पाहता येतं, मात्र परातीला तेलाचं बोट लागलेलं नको.) त्याचं उत्तर आलं १.६ नॅनोमीटर. जर्मनीत अ‍ॅग्नेस पॉकेल्स ही तरुणी घरच्या घरी पाण्याच्या पृष्ठभागावर असेच प्रयोग करत होती. तिने रॅलेला पत्र लिहिलं आणि १८९१ मध्ये ते त्याच्याच शिफारशीने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

थर एकाच रेणूइतका जाड असेल, तर चमच्यात रेणू किती? रेणू म्हणजे अडीच नॅनोमीटर बाजूचा ठोकळा समजू. त्याचं घनफळ सुमारे १.६ गुणिले १० चा उणे २६ वा घात घनमीटर. भागाकार केला की ३ गुणिले १० चा २० वा घात. ‘लीलावती’तली संख्यांची नावं परार्धापाशी, म्हणजे १० च्या १७ व्या घातापाशी संपतात. आपला चमचा तीन हजार परार्धांचा निघाला.

खरा आकडा तीस हजार परार्धांच्या आसपास आहे. एक शून्य कमी पडलं, आणि तेही समजण्यासारखं आहे: जाडीत दुपटीची चूक असली तर घन करताना ती आठपट होते. रॅलेचे १.६ नॅनोमीटर घालून पाहा, बारा हजार परार्ध येतात.