सोलापूरसाठी मागणं : शहरासाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेची पार्श्वभूमी

पहाटे मिलचा भोंगा झाला की आजी अंथरुणातच उठून बसायची. पदर डोक्यावर घ्यायची आणि डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, पहिल्या पाळीची पोरं निघाली बघ, त्यांना सांभाळ." आमच्या घरातलं कुणीच मिलमध्ये नव्हतं. ती पोरं पद्मशाली होती, लिंगायत होती, मुसलमान होती, मराठा होती. आजी त्यांतल्या कुणाला नावानं ओळखतही नव्हती.

रविवारच्या उपासनेत हेच मागणं पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, करतात. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची नावं घेऊन झाली की ते शहराकडे वळतात. याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. दुसऱ्यासाठी देवाजवळ रदबदली करायची, हा तिचा साधा अर्थ.

तिची मुळं फार जुनी. बायबलमधल्या अब्राहामानं सदोम नगरासाठी देवाशी अक्षरशः घासाघीस केली. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचेल का, इथून सुरुवात करून तो दहापर्यंत खाली आला. पण सोलापूरकराला जास्त जवळचा वाटावा असा उतारा बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात आहे. यरुशलेमेतून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना संदेष्टा पत्र लिहितो : तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याचं भलं त्यातच तुमचं भलं. म्हणजे शत्रूच्या नगरासाठी मागायचं! सोलापूर तर बाहेरून आलेल्यांनीच भरलेलं गाव. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकाची वेस हाकेच्या अंतरावर, बाजारात एका वाक्यात तीन भाषा. इथे आलेल्याला ते पत्र समजावून सांगावं लागत नाही.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळी या शहरात आली ती अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेमुळे. १८१३ मध्ये मुंबईत, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापूरला असा त्या कामाचा प्रवास. रेल्वेही १८६० मध्येच इथे पोहोचली होती. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ पडला आणि १८७७ मध्ये 'जुनी मिल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापड गिरणीची चाकं फिरू लागली. भुकेनं गाव सोडलेली माणसं आणि मजुरीला आलेली माणसं, दोन्ही एकाच शहरात.

त्या काळच्या मिशनऱ्यांच्या प्रार्थनेचा रोख स्पष्ट होता : या लोकांनी ख्रिस्ताकडे वळावं. हे लपवण्याचं कारण नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पाळला जाणारा प्रार्थना सप्ताहही त्याच काळातला, आणि त्याची हाक आपल्याच देशातून गेली. १८५७ च्या उठावानंतर वर्षभरात लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केलं आणि १८६० च्या जानेवारीत पहिला सप्ताह झाला. त्या प्रार्थनेत शहराबद्दल कळकळ होती. मात्र मागणारा वेशीबाहेर उभा होता, असं मला वाटतं.

तो वेशीच्या आत आला तो भाषेच्या वाटेनं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग, भजन आणि कीर्तन दिलं. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही गातात. पेटी, तबला आणि टाळ घेऊन गायलेलं मागणं शेजारच्या घरालाही परकं वाटत नाही. ज्या चालीवर शेजारी विठ्ठलाला आळवतो, त्याच धाटणीत आपण प्रभूला आळवायचं. हा बदल मला कुठल्याही मिशनच्या इमारतीपेक्षा मोठा वाटतो.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितलं आहे. इंग्रजी अमदानीत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकातून राजासाठी मागणं व्हायचं. आणि इथे मे १९३० मध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली. सोलापूर किती जातीधर्मांचं आहे ते या चार नावांतच दिसतं. राजासाठी आणि शहरासाठी एकाच तोंडानं मागणं त्या वर्षी किती जड गेलं असेल!

तशीच जड आठवण सेटलमेंटची. इंग्रजांनी कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं आणि त्या वसाहतीच्या कामात मिशनचाही हात होता. तिथे शाळा होत्या, पण कैद्यांसारखी हजेरीही होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. शहरासाठी प्रार्थना करताना या कुंपणाबद्दल क्षमाही मागितली पाहिजे, असं मी मानतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि वेगवेगळ्या परंपरांची माणसं एका उपासनेत आली. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली आणि १९६३ च्या ठरावानं श्रद्धावंतांची प्रार्थनाही परत आली. तिच्यात जगासाठी, अधिकाऱ्यांसाठी आणि पीडितांसाठी मागणं असतं.

मिल एकेक करून बंद पडल्या, तसं मागणंही बदललं. आता त्यात यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणारे हात येतात, सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका येतात, पुण्याला नोकरीसाठी गेलेली पोरं येतात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा गर्दीत कुणाला इजा होऊ नये म्हणून आमच्या कॉटेज मिटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, आवर्जून प्रार्थना होते. आणि उन्हाळ्यात, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तेव्हा, एखादी बाई उभी राहून उजनी धरणासाठी, पावसासाठी मागते. मागता मागता बाहेर कुणीतरी "पाणी आलं!" म्हणून ओरडतं. मग 'आमेन' जरा लवकर होतं आणि सगळ्याजणी घागरी घ्यायला पळतात.